बर्फ कुठे जमलाय?

‘वर बर्फ भरपूर आहे, पण खाली काहीच गार होत नाही.’ फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला फोनवर वारंवार ऐकू येणारं हे वाक्य. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतंच : ‘गॅस संपला असेल ना हो?’ मुरलेला मेकॅनिक या दुसऱ्या वाक्यावर फोनवर काही बोलत नाही. त्याचं अर्धं काम पहिल्याच वाक्याने केलेलं असतं. फ्रीझर कडक आणि खालचा कप्पा कोमट, म्हणजे थंडी तयार होते आहे, पण खाली पोचत नाही. आणि तिची वाट अडवून बसलेला बहुतेक वेळा बर्फच असतो.

गॅसचं खूळ मात्र डोक्यातून जात नाही. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांत फिरतो, स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळलेला असतो, आणि गळती न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने जातो. तरीही आपल्याकडे ‘गॅस भरला’ हे फ्रिजच्या प्रत्येक दुखण्यावरचं उत्तर होऊन बसलं आहे. ग्राहकाला ते समजतं, मेकॅनिकला त्याचे पैसे बरे सुटतात आणि गंमत म्हणजे त्यानंतर काही दिवस फ्रिज झकास चालतोही. त्याचं श्रेय गॅसला नसतं. काम चालू असताना फ्रिज तासन्‌तास बंद राहतो, आतला बर्फ आपोआप वितळतो आणि हवेची वाट मोकळी होते. पंधरवड्याने तीच तक्रार परत.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडी तयार होते ती फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्यांची कॉइल असते आणि वर एक छोटा पंखा. पंखा कॉइलवरून हवा ओढतो. त्यातली बरीचशी फ्रीझरमध्ये सोडतो, उणे १८ अंशांच्या आसपास, आणि थोडी मधल्या वाटेने खाली, जिथे ३ ते ५ अंश पुरतात. या फिरत्या हवेतली वाफ कॉइलला चिकटून गोठते, त्याला इलाज नाही. म्हणून दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलजवळचा हीटर वीस-पंचवीस मिनिटं तापतो, पाणी खालच्या पन्हळीत उतरतं, तिथल्या भोकातून नळीत जातं आणि नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं. कॉम्प्रेसरच्या उबेने ते उडून जातं. म्हणजे या फ्रिजमध्येही बर्फ रोज होतो आणि घरच्यांना पत्ता न लागता रोज वितळवला जातो. या साखळीतली एक कडी तुटली की तो दिसू लागतो.

पाणी येतं कुठून? बाहेरच्या हवेतून. तीस अंशांच्या, ओलाव्याने पुरत्या भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. तीच हवा पाच अंशांवर आणली तर तिला ७ ग्रॅमही पेलत नाही आणि फ्रीझरच्या थंडीत जेमतेम एक ग्रॅम उरतं. दार उघडलं की थंड हवा पायांवर सांडते आणि तिच्या जागी दमट हवा आत शिरते. अडीचशे लिटरच्या फ्रिजमधली सगळी हवा बदलली तरी पाच-सहा ग्रॅम पाणी आत येईल, फार नाही. पण शाळेतून आलेली मुलं ‘काय खायचं’ हे दार उघडून ठरवत असतील, धुतलेली कोथिंबीर निथळत ठेवलेली असेल आणि आमटीच्या पातेल्यावर झाकण नसेल, तर दिवसाअखेर हिशेब बराच वाढतो. विदर्भातल्या मे महिन्यात कॉम्प्रेसर दमतो, पण हवा कोरडी असल्याने बर्फाचा जाच कमी. रत्नागिरीच्या जुलैत नेमकं उलट.

आता पॅनेल उघडायचं. इथे नवशिका एक घाई करतो : आधी सगळा बर्फ वितळवून टाकतो, जागा स्वच्छ करतो आणि मग बिघाड शोधायला बसतो. पुरावा तोवर बादलीत गेलेला असतो. जाणता माणूस पॅनेल काढून आधी नुसता बघतो. कॉइल या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पांढरी झाली असेल, तर गॅसला दोष देता येत नाही. थंडी कॉइलभर पोचते आहे, बर्फ वितळवणारी यंत्रणा तेवढी बंद पडली आहे. कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वळणांवरच बर्फ आणि पुढची वळणं कोरडी असतील, तर मात्र गॅस कमी आहे किंवा गॅसची बारीक नळी तुंबली आहे. तेव्हा गॅसचं नाव घ्यायला हरकत नाही. कॉइल बऱ्यापैकी साफ, पण तळाला जाड लादी असेल, तर हीटर आपलं काम करतो आहे. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ते तिथेच पुन्हा गोठतं.

बर्फाचा पोतही बोलतो. हवेतल्या वाफेचा बर्फ भुसभुशीत, पांढरा, नखाने खरवडला तर निघणारा. आधी पाणी होऊन मग गोठलेला बर्फ काचेसारखा, घट्ट. फ्रीझरच्या दाराशी एकाच कोपऱ्यात भुसभुशीत बर्फ धरला असेल तर आतलं काही उघडायची गरजच नाही, त्या कोपऱ्यात दाराचं रबर बसत नाही.

बर्फ वितळत नसेल तर मल्टिमीटर बाहेर निघतो. २३० व्होल्टवर चालणारा १५० वॉटचा हीटर असेल तर त्याचा रोध साडेतीनशे ओहमच्या आसपास यायला हवा. काटा हललाच नाही तर हीटरची तार तुटली. बायमेटलचं प्रकरण जरा फसवं आहे. कॉइलला चिमट्याने अडकवलेला हा डबीएवढा भाग गार असताना वीज जाऊ देतो आणि कॉइल पुरेशी तापली की तोडतो. तो काढून टेबलावर ठेवून तपासला तर बंद पडलेलाच दिसणार, कारण खोलीतल्या उबेत त्याने तुटलेलंच असायला हवं. कितीतरी धडधाकट बायमेटल असे कचऱ्यात जातात. बर्फात मीठ घालून वाटी भरायची, त्यात तो थोडा वेळ ठेवायचा आणि मग मीटर लावायचा. गारठल्यावर ‘टिक्’ करून जोडला गेला तर तो ठणठणीत आहे. नव्या मॉडेलांत हे काम सेन्सर आणि कार्ड करतं. तिथे कार्डावर आळ घेण्याआधी सेन्सर मोजावा, कारण दोघांच्या किमतीत मोठा फरक असतो.

हीटरच्या वाटेवर एक थर्मल फ्यूजही असतो. तापमान सत्तर अंशांच्या पुढे गेलं की तो कायमचा तुटतो. ‘थांबा, डायरेक्ट करून देतो’ म्हणत फ्यूजच्या जागी तार जोडणारे महाभाग आहेत. फ्रिज लगेच चालू होतो आणि ग्राहक खूश होतो. मग एखाद्या दिवशी बायमेटल चिकटतो, हीटर तापतच राहतो आणि आतलं प्लास्टिक वितळतं. थोड्या पैशांच्या भागासाठी घेतलेला हा धोका कोणत्याही सबबीखाली माफ करण्यासारखा नाही.

भाग बदलला तरी काम संपत नाही. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. दीडशे वॉटचा हीटर वीस मिनिटांत देतो १८० किलोज्यूल. सगळीच्या सगळी बर्फात गेली, असं धरलं तरी जेमतेम अर्धा किलो वितळणार. महिनाभरात कॉइलवर दोन किलोंचा गोळा झाला असेल तर नवाकोरा हीटरही त्याला पुरा पडत नाही. थोडं वितळतं, पन्हळीत उतरतं आणि उरलेल्या बर्फाशेजारी पुन्हा गोठतं. म्हणून सगळा बर्फ हाताने, कोमट पाण्याने, कोपऱ्याकोपऱ्यातून काढावा लागतो. तेवढा वेळ नसेल तर फ्रिज बंद करून, दारं उघडी टाकून रात्रभर सोडावा, कधी पूर्ण दिवस. ‘दूध कुठे ठेवू?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शेजारच्या घरात असतं.

भाजीच्या ट्रेखाली साचणाऱ्या पाण्याचं कारण त्यामानाने साधं. खालच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवरून ओघळणारं पाणी एका छोट्या भोकातून बाहेर जातं आणि त्या भोकात आपलं स्वयंपाकघर जाऊन बसतं. एका घरी याच पाण्यापायी दाराचं रबर दोनदा बदलून झालं होतं. मेकॅनिकने मोठ्या सिरिंजने भोकात कोमट पाणी दाबलं तेव्हा मोहरी, कोथिंबिरीचे देठ आणि बुळबुळीत काळपट गाळ बाहेर आला. ‘काकू, हे बघा, अख्खी फोडणी आहे यात.’ काकूंना ते फारसं रुचलं नाही. लोखंडी तार घालून भोक साफ करायचा मोह मात्र टाळावा, नळी फाटली तर पाणी भिंतीच्या पोटातल्या फोममध्ये मुरतं. उकळतं पाणीही नको, प्लास्टिक वाकडं होतं. साफ झाल्याची खूण कानाला कळते : कपभर पाणी ओतायचं आणि मागे ट्रेमध्ये टपटप ऐकू येईपर्यंत थांबायचं. फ्रीझरमागचं भोक वरचेवर गोठत असेल तर काही कारागीर हीटरला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी अडकवून तिचं टोक भोकात सोडतात. हीटरची ऊब तेवढी खाली उतरते आणि वाट उघडी राहते.

एका दाराच्या फ्रिजची तऱ्हा वेगळी. तिथे बर्फाच्या कप्प्याची भिंत हीच कॉइल, आणि डीफ्रॉस्टचं बटण थर्मोस्टॅटच्या गोल खुंटीच्या मधोमध. बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की ते दाबायचं. दाबायचं राहून जातं, बर्फाचा ट्रे कप्प्याला चिकटतो, पाहुणे बाहेर बसलेले असतात आणि कोणीतरी सुरी घेतं. पातळ अ‍ॅल्युमिनियमला भोक पडतं, ‘फुस्स’ आवाज येतो. आता खरोखरच गॅस गेला. ओझोनच्या थराला घातक ठरलेले जुने गॅस १९८७च्या माँट्रियल करारानंतर मागे पडले आणि आजच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेणारा आहे. फ्रिजमध्ये असतो अगदी थोडा, पण असा आवाज आला तर खिडक्या उघडाव्यात आणि त्या खोलीतलं कुठलंही बटण दाबू नये. सुरीपेक्षा गरम पाण्याचं पातेलं कप्प्यात ठेवून वाट पाहणं सोपं.

दाराच्या रबरात चुंबकाची पट्टी असते. पूर्वीच्या फ्रिजना तिच्याऐवजी बाहेरून खटका लागे. आत अडकलेल्या मुलाला तो उघडता येत नसे आणि असे मृत्यू झाल्यावर अमेरिकेत १९५६ साली दार आतून ढकलूनही उघडलं पाहिजे, असा कायदा झाला. रबराची परीक्षा दहाच्या नोटेने होते. नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. अलगद निघाली तर तिथून हवा शिरते. मळ पुसून, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकून रबर पुष्कळदा पुन्हा बसतं. पुढचे पाय किंचित वर करून फ्रिज मागे झुकता ठेवला की दार आपणहून लागतं, आणि कधी कधी तेवढ्यावरच तक्रार मिटते.

फरशीवरचं सगळंच पाणी आतलं नसतं. पावसाळ्यात फ्रिजला बाहेरूनही घाम येतो. मागचा ट्रेही दमट हवेत लवकर सुकत नाही. डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची माणसं कुंड्या आणि पिंपांबरोबर तोही बघून जातात, कारण त्या साचलेल्या पाण्यात एडिस डास अंडी घालतो. आठवड्याला तो रिकामा करावा, निघत नसेल तर स्पंजने टिपावा. घर बदललेल्या एका कुटुंबाने फरशी रोज पुसून कंटाळून शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने फ्रिज पुढे ओढला, मागे डोकावला आणि विचारलं, ‘दादा, सामान कुठल्या टेम्पोने आणलंत?’ नळी जागेवर होती, भोक साफ होतं, पण ट्रे टेम्पोतच राहिला होता. नवा मिळेपर्यंत त्याने नळीखाली ढोकळ्याची थाळी सरकवली आणि फक्त येण्याजाण्याचे पैसे घेतले.