खडूची खूण

झाशीच्या पूर्वेस, बेतवा आणि धसान या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात टहरौली हे तहसिलीचे गाव आहे. अठराव्या शतकात मराठी सरदारांबरोबर अनेक कुटुंबे बुंदेलखंडात आली आणि तेथेच रुजली. झाशीचे नेवाळकर घराणे सर्वांना ठाऊक असते; टहरौलीच्या बाजूला गुरसराय येथेही एका मराठी घराण्याची जहागीर होती. माझ्या मामांचे कुटुंब अशा कुटुंबांपैकीच एक. घरात मराठी आणि अंगणाबाहेर बुंदेली, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे.

मामांची शेती काळ्या जमिनीत आहे. या जमिनीला तिकडे ‘मार’ म्हणतात. पाऊस पडला की ती मऊ होते आणि चाके गिळू लागते. म्हणूनच मामांनी चारही चाकांना ओढ देणारी एक जुनी पिकअप गाडी जपून ठेवली होती. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या विलिस जीपची भारतात जोडणी सुरू केली. मामांची गाडी त्याच जीपच्या वंशातली. तिळाचे आणि उडदाचे बियाणे, खत, डिझेलचे पिंप, प्रसंगी आजारी माणूस, सारे काही ती वाहून नेत असे.

एका मे महिन्यात नाल्यातल्या दगडावर आदळून या गाडीचा पुढचा आस वाकला. मी सुटीत तेथे गेले होते. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. गाडी दुरुस्त करणारा तरुण एकोणीस-वीस वर्षांचा होता. आठवीनंतर त्याची शाळा सुटली होती. मामांना तो ‘कक्का’ म्हणे आणि मला ‘जिज्जी’. वाकलेल्या आसाकडे पाहून तो म्हणाला, “हा सरळ करून भागायचं नाही, कक्का. दुसरा आणावा लागेल.”

मला झाशीला जायचेच होते. भंगार बाजारातून जुना आस आणण्याचे काम मी अंगावर घेतले. निघताना त्याने बजावले, “जिज्जी, घेण्याआधी एक चाक धरून ठेवायला सांगा, दुसरं दोन फेरे फिरवा आणि मधला दांडा किती फिरतो ते मोजा. सव्वापाचाच्या थोडा पुढे जायला हवा.” मी मान डोलावली. मात्र दुकानात गेल्यावर ते सारे मला उगाचच वाटले. आस दिसायला अगदी तसाच होता. दुकानदार म्हणाला, “डोळे झाकून बसवा.” मी खरोखरच डोळे झाकले आणि पैसे दिले.

आस टहरौलीला पोहोचला तेव्हा त्या तरुणाने मला एकच प्रश्न विचारला, “मोजलंत?” मी गप्प राहिले. तोही काही बोलला नाही. त्याने खिशातून खडूचा तुकडा काढला.

आधी त्याने गाडीच्या पुढच्या चाकांना दगडांची अडण लावली. मागचे एक चाक जॅकने उचलले आणि आसाखाली लाकडी ठोकळे सरकवले. नुसत्या जॅकच्या भरवशावर तो कधीच गाडीखाली जात नसे. मग त्याने चाकावर एक आणि लांब दांड्यावर एक अशा खडूच्या खुणा केल्या. गिअर मोकळा ठेवून त्याने चाक सावकाश दोन फेरे फिरवले. दांडा पाच वेळा पुरा फिरला आणि पुढे तिसऱ्या भागाहून थोडा अधिक गेला. नंतर जमिनीवर ठेवलेल्या नव्या आसावर त्याने तोच प्रयोग केला. येथे पाचवा फेरा पुरा होण्याआधीच खूण थांबली.

“फरक तर अर्ध्याच फेऱ्याचा आहे,” मी म्हणाले.

“प्रत्येक वळशाला अर्धा,” तो म्हणाला.

मग त्याने मला नीट समजावले. आसाच्या पोटात दोन दंतचक्रे असतात. इंजिनाच्या बाजूने आलेला दांडा लहान चक्राला फिरवतो आणि लहान चक्र मोठ्याला. एक चाक धरून दुसरे दोनदा फिरवले की मोठे चक्र एकदाच फिरते, म्हणून मोजायचे ते दोन फेरे. चारही चाकांची ओढ चालू केली की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांशी जखडले जातात. दोन्ही आसांचे प्रमाण वेगळे असेल, तर पुढच्या चाकांना एका गतीने आणि मागच्या चाकांना दुसऱ्या गतीने फिरावेसे वाटते. चिखलात चाके घसरून तो फरक काही काळ निभावून नेतात. कठीण जमिनीवर मात्र ताण साठत जातो आणि शेवटी काहीतरी मोडते. “आणि ते नेमकं बियाणं भरलेलं असताना मोडेल,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः माझ्याबरोबर झाशीला आला. त्याने तीन आस मोजून नाकारले. चौथ्याचे झाकण उघडून तेलाने माखलेले दात त्याने खडूची खूण करून एकेक मोजले. मोठ्या चक्राला ४३ आणि लहान चक्राला ८ दात होते. जुन्या विलिस जीपमधली ही प्रसिद्ध जोडी. पहिला आस दुकानदाराने घासाघीस करून निम्म्या किमतीला परत घेतला. उरलेली रक्कम हे माझ्या डोळे झाकण्याचे मोल होते.

बसवण्याचे काम दोन दिवस चालले. पाटे जखडणारे बोल्ट त्याने नवे घातले आणि समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढली. सुतळी ताणून दोन्ही चाकांमधले अंतर पुढून आणि मागून तपासले. मी दिवा धरून उभी होते.

सारे आटोपल्यावर त्याने मला विचारले, “जिज्जी, त्रेचाळीसला आठाने भागलं तर कसं लिहायचं? मला अपूर्णांक कधी आले नाहीत. त्यापायीच शाळा सुटली.”

मी म्हणाले, “आठापाची किती?”

“चाळीस. उरले तीन.”

“ते उरलेले तीन आठांतले.”

त्याने क्षणभर विचार केला. मग गाडीच्या लोखंडावर खडूने आधी ५ आणि त्याच्या शेजारी ३/८ असे लिहिले. “म्हणजे तिसऱ्या भागाहून थोडं जास्त,” तो स्वतःशीच म्हणाला, “तेच तर खूण सांगत होती.” ज्या गोष्टीच्या भीतीने त्याने शाळा सोडली, ती तो रोज हाताने करत होता, तिला कागदावर काय म्हणतात, एवढेच त्याला ठाऊक नव्हते. मला ते नाव ठाऊक होते. पण गरज पडली त्या दिवशी मी साधे दोन फेरेसुद्धा मोजले नव्हते.

खडू पावसात पुसला जाईल, म्हणून त्याने हातोडी आणि छिन्नी घेऊन ते आकडे आसाच्या झाकणावर ठोकून ठेवले. मी विचारले, “हे कोणासाठी?”

“माझ्यानंतर जो कोणी ही गाडी उघडेल त्याच्यासाठी,” तो म्हणाला. “त्याला पुन्हा मोजायला नको.” थोडे थांबून तो हसला, “तरी त्याने मोजावंच.”

जूनच्या अखेरीस पाऊस आला. बियाण्याची पोती घेऊन गाडी शेतात उतरली, चिखलात क्षणभर थबकली आणि चारही चाकांनी एकाच गतीने बाहेर पडली.