निकाल कोर्टाचा, पायपीट पोरीची

महाड

चि. सानिका हिस,
अनेक आशीर्वाद.

शाळा ‘डीसेग्रिगेट’ करतात म्हणजे नेमकं कोण काय करतं, असं तू निबंधासाठी विचारलंस आणि आत्याची दुपारची झोप गेली. कातडीच्या रंगावरून केलेली वेगळी सोय मोडायची, एवढाच अर्थ. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये सैन्यासाठी तसा हुकूम काढला. १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांमधली विभागणी घटनाबाह्य ठरवली. पुस्तकात कर्ता असतो तो असा: कोर्ट, सरकार, लष्कर.

आता एलिझाबेथ एकफर्ड बघ. वय पंधरा. आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलसाठी नऊ कृष्णवर्णीय मुलं निवडली होती. सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं, पण तिच्या घरी फोन नव्हता. निरोप पोचलाच नाही. ४ सप्टेंबर १९५७ ला ती एकटीच बसने आली. अंगात घरीच शिवलेला पांढरा ड्रेस, घेराला खाली चौकड्यांची पट्टी. शाळेचा पहिला दिवस म्हणून हौसेने शिवलेला! गव्हर्नर फॉबस यांनी उभे केलेले सैनिक गोऱ्या मुलांना आत सोडत होते. ती आली की बंदुका आडव्या. मागे शिव्या देणारा जमाव. ती वह्या छातीशी धरून बसथांब्यापर्यंत चालत गेली आणि बाकावर बसली. धावली नाही.

मुलं आत गेली ती सप्टेंबरअखेर, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर धाडल्यावर. आणि पुढच्या वर्षी? शहरातली सरकारी हायस्कुलंच बंद ठेवली. एकत्र बसण्यापेक्षा कुणीच शिकू नये, हा हट्ट!

आपल्याकडचंही ऐक, दादा सांगत नसेल तर. तिथे रंग, इथे जात. महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ चा. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तिथलं पाणी प्यायली, तेव्हा परतणाऱ्यांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. तळ्याबद्दल हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. तू त्याच तळ्याकाठी कुल्फी मागत रडायचीस, पण हे कुणी सांगितलं नाही. त्यात आत्याही आली.

निबंधात ब्राउन खटला लिहिशीलच, पण त्या ड्रेसलाही चार ओळी दे. आणि लिहून झालं की मला मराठीत पत्र धाड. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तरी चालेल, फोनवरच्या त्या अंगठ्याच्या चित्रावर भागवू नकोस. थंडीत कानाला बांधतेस ना?

तुझी,
आत्या