घरच्या घरी कुत्र्याची अंघोळ

मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे. तरीही "डॉक्टर, कुत्र्याला घरीच अंघोळ घातली, नखं कापली तर चालेल का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आमच्याकडे नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे आणि त्याची सगळी स्वच्छता मी व माझी पत्नी घरीच करतो. पार्लरमध्ये दर खेपेला हजार-दीड हजार रुपये देण्यापेक्षा ते परवडते. त्यामुळे उत्तर 'हो' असेच आहे. फक्त पुढील काळजी घ्या.

अंघोळीला कोमट पाणी आणि कुत्र्यासाठीचाच शाम्पू वापरा. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, कुत्र्याची तितकी नसते. आपल्या साबणाने ती कोरडी पडून खाज सुटते. कानात पाणी जाऊ देऊ नका आणि शेवटी अंग नीट कोरडे करा. उन्हाळ्यात दाट केसांच्या कुत्र्याचे मुंडण करू नका. तेच केस त्याला उन्हापासून वाचवतात. रोज विंचरणे पुरेसे आहे.

नखाच्या आत रक्तवाहिनी असते. म्हणून फक्त टोक कापा. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर लावून दाबून धरा.

विंचरताना गोचीड सापडली तर बोटांनी चिरडू नका. हातमोजे घाला, चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. गुरांचे गोचिडाचे औषध अंदाजाने लावू नका. कुत्रा अंग चाटतो, ते पोटात जाते. गोचिडीमुळे माणसालाही रिकेट्सिया जंतूंचा ताप येऊ शकतो. ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांवरही पुरळ आले, तर "घरी कुत्रा आहे, गोचिडी काढल्या होत्या" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळीच ओळखला तर हा ताप डॉक्सीसायक्लिनसारख्या औषधाने बरा होतो. अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकते. ते आपल्यालाही होते, तेव्हा आधी पशुवैद्याला दाखवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. नखं कापताना शांत कुत्राही दचकून दात लावतो. एक गृहस्थ असा चावा घेऊन चौथ्या दिवशी माझ्याकडे आले. "आपलाच कुत्रा आहे, त्याला काय होतंय," म्हणून जखमेवर हळद भरली होती. विचारल्यावर कळले, पार्लरबरोबर कुत्र्याची दरवर्षीची लसही खर्च वाचवण्यासाठी दोन वर्षे बंद होती! त्यांना लगेच रेबीजची लस सुरू केली. पुढे सर्व ठीक झाले, पण ते चार दिवस धोक्याचेच होते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणून दात लागून कातडी खरवडली गेली तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.

अंघोळीचे पैसे जरूर वाचवा. पण येत्या रविवारी बादली भरण्याआधी कुत्र्याचे लसीचे कार्ड काढून त्यावरची शेवटची तारीख एकदा बघा.