टपालाने आलेली औषधे

माणसावर प्रेम करावयाचे तर आधी त्याला नीट जाणून घेतले पाहिजे, हा समज आपल्या मनात इतका खोलवर रुजलेला आहे की, लग्नापूर्वी पत्रिका जुळविणारे पुराणमताभिमानी आणि परस्परांचे स्वभाव पारखून घ्यावेत असा उपदेश करणारे सुधारक, एरव्ही एकमेकांच्या सावलीलाही न उभे राहणारे असले, तरी या एका मुद्द्यावर त्यांचे बिनतक्रार एकमत होते. या समजाला छेद देणारा दाखला शोधण्यासाठी दूर जावयास नको. शालेय पुस्तकांनी पहिली स्त्री-डॉक्टर म्हणून ज्यांचा पुतळा करून ठेवला आहे, त्या आनंदीबाई जोशी यांच्या बावीस वर्षेही न भरलेल्या आयुष्यात तो पडलेला आहे. आणि तो वाचताना, प्रेम, दया आणि ज्ञान यांचे नाते आपण मानतो तितके सरळ नसावे, अशी शंका मला दर वेळी नव्याने येते.

गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातले कारकून. कोल्हापुरास असताना, पत्नीला अमेरिकेत शिक्षण मिळावे आणि आपणासही तेथे काही उद्योग मिळावा, या हेतूने त्यांनी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. रेव्हरंड वाइल्डर हे स्वतः पूर्वी कोल्हापुरास राहून गेलेले गृहस्थ; त्यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला खरा, पण या दांपत्याने ख्रिस्ती व्हावे, ही शिफारसही सोबत जोडली. प्रकरण येथेच दप्तरदाखल व्हावयाचे. परंतु 1880 साली न्यू जर्सी संस्थानातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला, आणि त्यांनी घरी जाऊन या अपरिचित मुलीला पत्र लिहिले.

या बाईला आनंदीबाईंविषयी ठाऊक ते काय होते? तिची भाषा येत नव्हती, तिचे सोवळेओवळे, तिची जात, तिच्या घरातील वडीलधाऱ्यांचा धाक, दहा दिवसांचे मूल गमावलेल्या चौदा वर्षांच्या आईचे मन, यांतील कशाचाच तिला अनुभव नव्हता. मिशनऱ्यांना या मुलीच्या आत्म्याच्या कल्याणाविषयी संपूर्ण माहिती होती आणि म्हणूनच त्यांनी अट घातली; कार्पेंटरबाईंना काहीच माहिती नव्हती आणि त्यांनी अट घातली नाही. पुढे जोशी दांपत्याचा मुक्काम कलकत्त्यास असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. डोकेदुखी, मधूनमधून ताप, धाप लागणे अशी लक्षणे पत्रांतून कळताच रोझेलहून टपालाने औषधे आली. त्यांचा काही गुण आला नाही. हजारो मैलांवरून, नाडी न पाहता, रोगाचे नाव न कळता पाठविलेल्या औषधांचा गुण यावयाचा कसा? वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा निव्वळ भाबडेपणा होय. तथापि ज्या मुलीने या बाईचे तोंडही तोवर पाहिले नव्हते, तिने तिला मावशी म्हणावे, असे काहीतरी त्या निरुपयोगी बाटल्यांतून पोहोचलेच असले पाहिजे.

उलट बाजूस गोपाळराव. हे बिजवर, वयाने पत्नीहून कितीतरी मोठे आणि आपल्या बायकोने काय व्हावे याविषयी पूर्णपणे निःशंक. नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करून तिला शिकविण्याचा जो ध्यास त्यांनी घेतला, तो त्या काळात दुर्मीळ होता, हे निर्विवाद. पण चुलीशी रमलेली पत्नी दिसताच ते हात उगारीत. अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाई आपल्याच पतीपुढे ही कैफियत मांडतात: लाकडाचा मार, अंगावर भिरकावलेली पुस्तके आणि खुर्च्या, टाकून जाण्याच्या धमक्या, आणि हे कोणत्या वयात सोसले तेही. ज्यांनी लिहावयास शिकविले त्यांच्याच विरुद्ध, त्यांनीच दिलेल्या अक्षरांत लिहिलेली ही फिर्याद वाचताना मन सुन्न होते. परंतु त्याहून मोठे आहे ते तिने केलेले न्यायदान. तुमचे वर्तन चांगले की वाईट, हे ठरविणे कठीण आहे, आणि कोणी विचारलेच तर ते दोन्ही होते असे मी म्हणेन, या आशयाचा तो निवाडा आहे.

गोपाळरावांना एक तर देव्हाऱ्यात बसवावयाचे, नाही तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे, असा आपल्या चरित्रलेखकांचा आणि नाटककारांचा शिरस्ता. माझाही कल पिंजऱ्याकडेच अधिक आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्याला समोरच्याचे हित समोरच्याहून अधिक कळते, त्याच्या प्रेमात हिंसेला दार सदैव उघडे असते. मात्र ज्या मुलीने तो मार खाल्ला, ती विशीच्या आत अशा जागी पोहोचली की जेथून दोन्ही बाजू एकदम दिसतात आणि एकीलाही खोटे म्हणवत नाही. गोपाळरावांची ती भयंकर निःशंकता नसती तर 1883 च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात उभे राहून, मी हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असे भरसभेत सांगणारी आणि दोनच महिन्यांत पतीवाचून कलकत्त्याहून बोटीत बसणारी आनंदीबाई घडली असती काय, याचे उत्तर देण्यास मी धजत नाही.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि 11 मार्च 1886 रोजी पदवी घेतली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्री-विभागाची जागा देऊ केली. पण क्षयाने त्या जागेवर रुजू होऊ दिले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

येथे ज्ञानाचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू 1882 च्या मार्च महिन्यात बर्लिनमध्ये जाहीर केला. म्हणजे आनंदीबाई विद्यार्थिनी झाल्या तेव्हा रोगाचे कारण हाती आले होते. हाती नव्हते ते औषध. ते स्ट्रेप्टोमायसीनच्या रूपाने 1943 साली सापडले, आणि योगायोग असा की, ते न्यू जर्सीतच, रटगर्स विद्यापीठात, कार्पेंटरबाईंच्या रोझेलपासून फारशा दूर नसलेल्या प्रयोगशाळेत सापडले. दरम्यानची साठ-एक वर्षे डॉक्टरांना शत्रूचे नाव, रूप, आकार सारे ठाऊक होते आणि रोगी मरतच होते. या काळात क्षयाच्या इस्पितळांतून हवा, दूध आणि विश्रांती यांखेरीज जे काही रोग्यास मिळाले, ते कोणाच्या तरी हाताची ऊब आणि वेळेवर बदललेली चादर एवढेच असावे. टपालाने पाठविलेल्या औषधांना हसण्यापूर्वी हे ध्यानात घेतलेले बरे.

पुण्याने त्यांचे कौतुक केले, आणि मृत्यूनंतर तर विशेषच केले. मेलेल्यांच्या बाबतीत आपला समाज अतिशय उदार आहे.

यानंतरची एक गोष्ट मात्र कोणत्याही सिद्धांतात बसत नाही. गोपाळरावांनी आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविली आणि त्या बाईंनी ती न्यूयॉर्क संस्थानात, हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावी, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवून तिच्यावर नाव कोरविले. एका चित्पावन ब्राह्मण स्त्रीच्या अस्थी ख्रिस्ती कुटुंबाच्या भूमीत! धर्मशास्त्र्यांना यावर काय वाटले असेल ते असो. हयातभर तिच्या वतीने सारे हुकूम सोडणाऱ्या या गृहस्थाने अखेरचा हुकूमही तिला न विचारताच सोडला, आणि तो तिला आपल्यापासून सर्वांत दूर नेणारा होता. निदान या एका हुकमावर तिने तक्रार केली नसती, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण मग गोपाळरावांच्या पंक्तीला जाऊन मीही तिच्या वतीने बोलू लागलो, असे होईल.