ताटात काय, ते कोण ठरवणार?

मांस खावं की नाही, असं आपल्याला कुणी कधी विचारलंच नाही. आपल्याला हुकूम मिळाले. आधी हुकूम होता : मेलेलं ढोर ओढा, फाडा, खा. आता हुकूम आहे : खाऊ नका.

मी भिवंडीत मागावर बारा तास उभा असतो. पाळी सुटली की पाव किलो मोठ्याचं घेतो. म्हशीचं. रश्शात दोन वेळचं भागतं. एक शिकलेला दोस्त म्हणतो, ‘सोड हे. गुरांच्या मिथेननं पृथ्वी तापतीय.’ वाचलं मी. खरंय ते, खोटं कशाला म्हणू? पण हिशेब पुरा मांडा की. दुधाची गाय रवंथ करत नाही काय? तुपाच्या वाटीला कुणी जाब का विचारत नाही?

बाबासाहेबांनी मार्च 1927 मध्ये महाडला सांगितलं, मेलेल्याचं मांस सोडा. आपल्या म्हाताऱ्यांनी सोडलं. कुणाच्या सोवळ्यासाठी नाही, माणूस म्हणून ताठ उभं राहायला. 1948 साली ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी मांडलं की अस्पृश्यतेच्या मुळाशी गोमांसाचा प्रश्न आहे. म्हणून माझ्या ताटात कुणी डोकावलं की मला त्याच्या डोळ्यात आधी जात दिसते.

महाराष्ट्रात 2015 पासून बैल कापायलाही बंदी आली. माझ्या मामाचा बैल थकलाय. नांगराला चालत नाही, गिऱ्हाईक मिळत नाही. मामा कडबा विकत आणून त्याला घालतो आणि स्वतः बायको घेऊन उसतोडीला जातो. बैल पोसायचा खर्च कायद्यानं कुणावर टाकला, बघा. आणि जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून झोडपलं. म्हणजे जिवंत कापायची नाही, मेलेली सोलायची नाही, आणि गावात कुजलेली पडली तर हाक आपल्यालाच!

शाश्वत शेती म्हणतात ती मला पटते. धनगराची मेंढरं रानात बसली की लेंडीखत मिळतं, त्याला धान्य मिळतं. शेळी बांधावरची बाभळ-बोर खाते, माणसाच्या तोंडचा घास घेत नाही. शेडात कोंबलेली, मका-सोयाबीनवर फुगवलेली कोंबडी मात्र मलाही पटत नाही. जीव तोही आहे, आणि फायदा ना त्याचा ना आपला, कंपनीचा.

पण शेती सुधारायला आधी शेत पाहिजे. 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांनी तुरुंग भरले. अजून गायरान कसणारे किती जण सातबाऱ्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. ज्याच्या नावावर वीतभर रान नाही, त्याला पृथ्वी वाचवायचा उपदेश पहिला का?

गड्यांनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. गायरान नावावर करून मागा. मग त्या रानात शेळ्या किती, डाळ किती, ताटात मटण कितीदा, ते आपण बसून ठरवू. कदाचित कमीच खाऊ. पण ठरवू आपण.