शिंदीचे वय

मित्राने क्युबाहून रमच्या दोन बाटल्या आणल्या. तीन वर्षे मुरलेली लिंबू-पुदिन्यात मिसळावी, सात वर्षांची ओकच्या पिंपाचा गंध घेत नुसतीच चाखावी, असा तिकडचा रिवाज. दोन्ही उसाच्या मळीच्या. आणि मळीचा वास आम्हां लातूरकरांना नवा नाही. मला मात्र आजोबांची शिंदी आठवली.

नांदेडकडे त्या पेयाचे वय तासांत मोजत. आतून चुना लावलेल्या मडक्यात रात्रभर साठलेला रस पहाटे गोड नीरा. बिनचुन्याचा तोच रस ऊन चढता आंबूस, दुपारी चढणारा. निवड करायची ती उठण्याच्या वेळेची!

निजामाच्या तिजोरीत अबकारीचा वाटा मोठा. म्हणून १९४७-४८च्या मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची बने तोडली. आजोबा अशाच एका तुकडीत होते. शिंदी काढणारा रोजच्यासारखा मडके घेऊन उतरला, त्याने सर्वांना नीरा पाजली आणि मगच विचारले, ‘‘आता मी काय खावं?’’

उत्तर कुणापाशीच नव्हते. कुऱ्हाडी चालल्याच. आजोबांनी पुढे नीरेला कधी तोंड लावले नाही.

मित्राला मी सात वर्षांची बाटली उघडायला सांगितली. काही न मिसळता.