कचेरी जळाली, गाव हललं

बालदोस्तांनो, तुमच्यापैकी किती जण तालुक्याच्या कचेरीत गेला आहात? आजोबांचं बोट धरून कधी तरी गेलाच असाल. आवारात झाडाखाली बसलेली माणसं, काखेत पिशव्या, पिशवीत कागद, कुणाचा सातबारा तर कुणाचा दाखला. "या कागदांसाठी एवढी धावपळ कशाला?" असं तुमच्या मनात आलं असेल. चला, आज आपण सातासमुद्रापलीकडच्या अशाच एका कचेरीची गोष्ट ऐकू. मग तुम्हीच उत्तर द्या.

अमेरिकेचा नकाशा उघडा. पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनिया राज्य सापडेल. रिचमंड ही त्याची राजधानी. तिथून पश्चिमेकडे सरकलात की शेतं, टेकड्या आणि रानं लागतात. तिथे आहे ॲपोमॅटॉक्स काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा मुलूख. १८४५ साली शेजारच्या चार काउंट्यांचे तुकडे जोडून ही नवी काउंटी तयार झाली.

नवी काउंटी म्हटल्यावर कचेरी हवीच! क्लोव्हर हिल नावाचं एक छोटं खेडं होतं. रिचमंडहून लिंचबर्गकडे जाणाऱ्या घोडागाड्यांचा तो रस्ता. वाटसरूंसाठी १८१९ सालची एक खानावळ होती. १८४६ साली या गावात विटांचं कोर्ट बांधलं. कुठे माहीत आहे? अगदी रस्त्याच्या मधोमध! रस्ता कोर्टाला वळसा घालून पुढे जायचा. गावाचं नावही बदललं, 'ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस'. कोर्टाच्या गावाला असं नाव द्यायची व्हर्जिनियात रीतच होती.

इथे खटले चालत, जमिनीचे व्यवहार नोंदले जात, मृत्युपत्रं ठेवली जात. पण त्या दप्तरांत आणखीही काही असे. त्या काळी या काउंटीतली निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. एखादा जमीनदार वारला की त्याची घोडी, नांगर, भांडी यांच्या यादीतच माणसांची नावं लिहीत. वाचूनच अंगावर काटा येतो ना? ही यादी लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेची राज्यं एकीकडे, गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं दुसरीकडे. चार वर्षं रक्त सांडलं. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली या गावाजवळ कोंडीत सापडले. शरण जाण्यावाचून मार्ग उरला नाही. उत्तरेचे सेनापती युलिसिस ग्रँट यांना भेटायचं ठरलं. पण भेटायचं कुठे?

तुम्ही म्हणाल, कोर्टात! पुष्कळांना तसंच वाटतं. पण तो होता रविवार आणि कोर्टाला होतं कुलूप! लींचा एक अधिकारी जागा शोधत फिरू लागला. त्याला विल्मर मॅक्लीन नावाचे गृहस्थ भेटले. त्यांनी आधी एक रिकामं घर दाखवलं, ते पसंत पडेना. मग ते म्हणाले, माझ्याच घरी या.

गंमत पाहा. हे मॅक्लीन आधी मॅनॅससजवळ राहत. १८६१ मधली पहिली मोठी लढाई त्यांच्याच शेताजवळ झाली होती. पुढे युद्धापासून लांब राहावं म्हणून ते या आडगावात आले, तर युद्ध त्यांच्या दिवाणखान्यात येऊन थांबलं!

सुमारे दीड तास बोलणं झालं. कराराची शाईतली प्रत लिहिली इली पार्कर यांनी. ते सेनेका या मूळ अमेरिकन जमातीचे. शरण आलेल्या सैनिकांना घरी जाऊ द्यायचं ठरलं. पण वाटेत कुणी अडवू नये म्हणून प्रत्येकाजवळ परवाना हवा. मग त्या जुन्या खानावळीत छापखाना मांडला आणि हजारो परवाने छापले. घरी पोचवणारा कागदच होता तो!

युद्ध संपलं, पण गावाचं नशीब पालटलं नाही. आगगाडी १८५४ मध्येच आली होती, तीही तिथून पाच किलोमीटरवरच्या स्टेशनावर. दुकानं, व्यापार हळूहळू तिकडे सरकले. आणि १ फेब्रुवारी १८९२ रोजी कोर्टाला आग लागली. इमारत गेली, बहुतेक सगळं दप्तर जळून खाक झालं. कोर्ट पुन्हा तिथेच बांधायचं की स्टेशनाजवळ? लोकांनी स्टेशनाजवळची जागा निवडली. नवं कोर्ट तिकडे उभं राहिलं आणि जुनं गाव ओस पडलं.

आता त्या यादीकडे येऊ. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावं सहसा लिहिलीच नव्हती. मालकाच्या नावाखाली वय, स्त्री की पुरुष, वर्ण असे तपशील तेवढे. नावं सापडण्याची आशा होती ती कोर्टाच्या दप्तरात. तेच जळलं! आज त्यांची पणतवंडं, खापरपणतवंडं आपल्या पूर्वजांचा शोध घेतात, तेव्हा वाट इथे येऊन अडते. जमिनीच्या कराची पुस्तकं मात्र रिचमंडलाही पाठवली जात, म्हणून ती वाचली. दुसरी प्रत असण्याचं महत्त्व कळलं ना?

जुनं गाव आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. मॅक्लीन यांचं घर १८९३ मध्ये वॉशिंग्टनला नेण्यासाठी मोडलं होतं. पैसे संपले, विटा तिथेच पडून राहिल्या. ते पुन्हा बांधून १९४९ मध्ये लोकांसाठी उघडलं. कोर्टाची इमारतही १९६० नंतरच्या काही वर्षांत जुन्या रूपात उभी केली. बाहेरून हुबेहूब, पण तिथे एकही खटला चाललेला नाही. भिंती पुन्हा बांधता आल्या. जळालेली नावं कुठून आणणार?

मी शाळेत शिक्षक आहे. दर जूनमध्ये पहिलीतल्या मुलांची नावं जनरल रजिस्टरात लिहितो. कधी पन्नाशीतला एखादा माणूस येतो आणि म्हणतो, "गुरुजी, माझ्या जन्मतारखेचा दाखला हवा." पिवळं पडलेलं पान उलटतो आणि त्याचं नाव सापडतं. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो.

तुम्हीही या सुट्टीत एक काम करा. आजी-आजोबांजवळ बसा. त्यांच्या आई-वडिलांची, त्यांच्याही आई-वडिलांची नावं विचारा आणि स्वच्छ अक्षरात वहीत लिहून ठेवा. आणि हो, एक नव्हे, दोन वह्यांत लिहा. दुसरी वही मामाकडे किंवा आत्याकडे ठेवा!